घेटो

सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी पलीकडच्या वस्तीला ‘घेटो’ म्हणालं आणि मी अडखळलो. शब्द व्हेनिसचा. ‘जेतो’ म्हणजे धातू ओतण्याची जागा. 1516 मध्ये ज्यूंना अशाच ओतशाळेलगतच्या बेटावर कोंडलं. रात्री दारं बंद. जर्मन ज्यूंच्या जिभेवर ‘ज’चा ‘ग’ झाला, असं काही अभ्यासक मानतात.

नाझींनी तोच शब्द उचलला. वॉर्सॉच्या घेटोत चार लाखांवर माणसं. भिंतीच्या भगदाडांतून पोरं बटाटे आणत. 1942 मध्ये एक तान्ही मुलगी विटांच्या गाडीतून, लाकडी पेटीत बाहेर आली. सोबत नाव नि जन्मतारीख कोरलेला चांदीचा चमचा. ती वाचली.

आता आपल्याकडे एकाच जातीधर्माची कुठलीही दाट वस्ती ‘घेटो’ असते. रॅपवाल्या पोरांना तर तो शब्द मिरवावासा वाटतो.