बेलहाउसिंगची जुळवणी

बेलहाउसिंगची जुळवणी म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि हाताने बदलायच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच अक्षरेषेवर आणण्याची प्रक्रिया. बेलहाउसिंग हे इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारे घंटेच्या आकाराचे ओतीव कवच असून फ्लायव्हील आणि क्लच त्याच्या आत असतात. इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागील टोकातील पायलट बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये फिरते. त्याचा मागचा भाग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर तोललेला असतो आणि गिअरबॉक्सची जागा बेलहाउसिंगच्या मधल्या गोल छिद्रावरून ठरते. हे छिद्र क्रँकशाफ्टशी समाक्ष नसेल, तर शाफ्टची दोन टोके दोन वेगळ्या अक्षांवर फिरू पाहतात.

जुळवणी चुकल्यास पायलट बेअरिंग व इनपुट बेअरिंग लवकर झिजतात, क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते आणि काही वेळा गिअर आपोआप सुटतो. पुणे–सातारा मार्गावर खंडाळा तालुक्यातील खंबाटकी घाटासारख्या चढावर क्लच व गिअर वारंवार वापरावे लागतात. अशा ठिकाणी हा दोष लवकर जाणवतो. लक्षणे क्लचच्या बिघाडासारखीच असल्यामुळे पुष्कळदा क्लच प्लेट बदलली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

घरी बांधलेल्या गाड्यांतील स्थिती

कारखान्यात छिद्रे व मार्गदर्शक डॉवेल पिना ठरावीक मर्यादेत यंत्रण करून बसवतात, त्यामुळे मूळ जोडीत सहसा अडचण येत नाही. एका गाडीचे इंजिन, दुसरीचा गिअरबॉक्स आणि मध्ये लेथवर करून घेतलेली जोडपट्टी, अशी रचना केली की प्रत्येक जोडातील थोडाथोडा फरक एकत्र साचतो. जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवताना हा प्रश्न विशेषत्वाने उद्भवतो.

घरगुती वाहनबांधणीचे महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील आहे. तेथील एका कारागिराने भंगारातील भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत प्रसारित केली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात कारागिराला बोलेरो मिळाली. किकची सोय असलेल्या दुचाकी इंजिनांत क्लच व गिअर बहुधा इंजिनाच्याच कवचात असतात. तेथे वेगळे बेलहाउसिंग नसते आणि जुळवणीचा प्रश्नही येत नाही. मोटारीचे मोठे इंजिन घेतले की तो टाळता येत नाही.

मापन

मापनासाठी डायल गेज वापरतात. क्लच काढून गेजचा चुंबकी आधार फ्लायव्हीलवर बसवतात आणि गेजची टोचणी बेलहाउसिंगच्या मधल्या छिद्राच्या आतील कडेला टेकवतात. त्याआधी जोडपृष्ठांवरील रंग, गंज व खरवड काढून बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळलेले असावेत. इंजिनचे स्टँड बहुधा याच पृष्ठाला जोडले जात असल्याने इंजिन लाकडी ओंडक्यांवर किंवा चॅसीवर ठेवावे लागते. स्पार्क प्लग काढल्यास क्रँकशाफ्ट हाताने सहज फिरतो. वर, उजवीकडे, खाली व डावीकडे अशी चार वाचने नोंदवतात. वरच्या व खालच्या वाचनांची बेरीज उजव्या व डाव्या वाचनांच्या बेरजेइतकी आली नाही, तर गेज हलला आहे किंवा छिद्र गोल नाही असे समजावे.

येथे नेहमी होणारा गोंधळ असा, की गेजवरील एकूण फरक हा केंद्रांतील अंतराच्या दुप्पट असतो. प्रचलित मर्यादा केंद्रांतील अंतरासाठी ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिमी आहे. गेजवर तीच ०.०१० इंच दिसते. संबंधित गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच ग्राह्य धरावा.

उदाहरणार्थ, इंजिनाकडे मागून पाहताना वर ०, उजवीकडे +०.०६, खाली +०.३६ आणि डावीकडे +०.३० मिमी अशी वाचने आली. दोन्ही बेरजा ०.३६ येतात, म्हणून मापन विश्वसनीय आहे. उभा फरक ०.३६, म्हणजे विचलन ०.१८ मिमी, आडवा फरक ०.२४, म्हणजे विचलन ०.१२ मिमी. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ०.२२ मिमी, म्हणजे मर्यादेबाहेर. अधिक वाचन असलेल्या बाजूस छिद्राची कड क्रँकशाफ्टच्या अक्षाजवळ आलेली असते. त्यामुळे येथे बेलहाउसिंग वर आणि उजवीकडे सरकलेले आहे; ते खाली व डावीकडे न्यावे लागेल.

दुरुस्ती

मूळ डॉवेल पिना काढून विकेंद्री पिना बसवतात. त्या ०.००७, ०.०१४ व ०.०२१ इंच विचलनाच्या मिळतात. वरील उदाहरणात ०.००७ इंची, म्हणजे सुमारे ०.१८ मिमीची जोडी पुरेशी असून उरलेला फरक ०.०४ मिमीच्या आसपास राहतो. दोन्ही पिनांचे विचलन एकाच दिशेला वळवणे अत्यावश्यक आहे. नंतर मापन पुन्हा करतात. छिद्र घासून मोठे करणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे गिअरबॉक्सला आधारच उरत नाही.

गिअरबॉक्सच्या जोडपृष्ठाची समांतरताही तपासतात. त्या वेळी क्रँकशाफ्ट सतत एकाच बाजूला रेटून धरावा, अन्यथा त्याची लांबीच्या दिशेतील मोकळीक वाचनात मिसळते. पृष्ठ तिरपे आढळल्यास ते पुन्हा यंत्रण करून घेतात किंवा पातळ शिम लावतात. बेलहाउसिंग गिअरबॉक्सच्या कवचातच ओतलेले असेल, तर तयार गिअरबॉक्सवर हे मापन शक्य नसते. गिअरबॉक्स उघडून इनपुट बेअरिंगच्या छिद्रावरून ते करावे लागते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक होय.