मढ्यावरचं कापड आणि मेळघाटातला मुंडा

"मेलेल्या माणसाचं काम कोणीतरी करावंच लागतं. मग त्यासाठी एखादी जात असली तर बिघडलं कुठं?" हा प्रश्न आम्हाला वऱ्हाडात अनेकदा विचारला गेला आहे. विचारणारे अडाणी नसतात. त्यांत प्राध्यापक असतात, गावगाड्याच्या आठवणींनी गहिवरणारे लेखक असतात. त्यांच्या मते बलुतेदारी म्हणजे एकमेकांच्या गरजा भागवणारी गोड व्यवस्था. अमेरिकेत एखादे कुटुंब पिढ्यान्पिढ्या फ्युनरल होम चालवते, गावातल्या प्रत्येक घरचे दुःख त्याला ठाऊक असते, तसाच आपल्याकडे महार होता, असा दाखलाही वर दिला जातो.

तुलना करायचीच असेल तर आम्ही तयार आहोत. पण ती पूर्ण करू. आधी आपले गाव, मग अमेरिका आणि शेवटी सेमाडोह. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीकाठी वसलेले हे चिखलदरा तालुक्यातले गाव बहुतेकांना जंगल सफारीपुरते माहीत आहे. आम्हाला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते.

आपल्या गावात मयत झाली की पहिली हाक महारवाड्याला जाई. सोयरे दहा कोसांवर असोत की वीस, पावसाळा असो की मध्यरात्र, मरणाचा सांगावा महारानेच पोचवायचा. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लादलेल्या कामांची जी यादी दिली आहे, तिच्यात हे काम स्पष्ट नोंदवले आहे, आणि गाव कितीही दूर असले तरी, हेही. सरणाची लाकडे नि गोवऱ्या वाहून न्यायच्या त्यानेच. पुरायचे असेल तर खड्डा त्यानेच खणायचा. बेवारस प्रेत सापडले की पाटील त्यालाच हाक मारी. तिरडीला खांदा मात्र जातवाल्यांचा! लाकूड महाराने आणलेले चाले, स्पर्श चालत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. आत्रे काही आमच्या चळवळीचे नव्हेत, पण महाराच्या मागे गावाने किती कामे लावली होती ते त्यांच्याही पुस्तकात वाचायला मिळते.

आणि मोबदला? मढ्यावरचे कापड.

हे कापड म्हणजे महारांचा 'हक्क' होता, असे सांगतात. बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्क दिल्याची दंतकथा आपल्या आज्या-पणज्यांनी अभिमानाने सांगितली, आणि त्या हक्कांमध्ये हे कापडही मोजले जाई. गुलामीला हक्क हे नाव मिळाले की ती मोडायला किती अवघड जाते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. बादशहा खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवा. कापडाची गोष्ट बादशहाच्या कितीतरी आधीची आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि ज्याला कोणी नातलग नाही त्याचे शव वाहून न्यावे, असे सांगितले आहे. पाचव्या अध्यायात तर मेलेल्या शूद्राला नगराच्या दक्षिण दरवाजाने आणि द्विजांना त्यांच्या त्यांच्या दरवाजांनी न्यावे, अशी सोय लावून दिली आहे. म्हणजे माणूस मेला तरी वर्ण मरत नाही. बादशहाच्या नावावर खपवलेला हक्क मुळात मनूचा हुकूम होता.

एक गंमत इथे नोंदवली पाहिजे. मरणाचे विधी करणारा ब्राह्मणसुद्धा, ज्याला आपल्याकडे कारटा म्हणतात, इतर ब्राह्मणांत हलका समजला जातो. मरणाचा विटाळ त्यालाही लागतो. पण त्याला दक्षिणा मिळते, शिधा मिळतो आणि दहावे-बारावे आटोपून तो गावातल्या आपल्या घरी परततो. महाराला परतायला गावच नव्हते, तो कुसाबाहेरच. आणि मसणजोग्यांना तर कुसाबाहेरचेही घर नव्हते. तेलुगू बोलणारी ही भटकी जमात मसणवट्याच्या आसऱ्याने राहिली, मयताच्या दानावर जगली आणि आज सरकारी यादीत भटक्या जमातींमध्ये एक नाव होऊन बसली आहे.

आता अमेरिका. गुलामगिरी संपल्यावरही तिथे गोऱ्यांचे दफन वेगळे, काळ्यांचे वेगळे राहिले. गोरा दफनव्यावसायिक काळ्या माणसाच्या प्रेताला सन्मानाने हात लावीत नसे. म्हणून काळ्या कुटुंबांनी स्वतःची फ्युनरल होम काढली. गिऱ्हाईक काळे, मालक काळा, पैसा काळ्या वस्तीतच फिरणारा. अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ ए. जी. गॅस्टन यांनी १९२३ साली दफनखर्चासाठी वर्गणी गोळा करणारी मंडळी काढली, तिच्यातून फ्युनरल होम आणि विमा कंपनी उभी राहिली. १९६३ च्या बर्मिंगहॅम आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम गॅस्टन यांच्याच मोटेलात होता. त्याआधी १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला गोऱ्यांनी हालहाल करून मारले. शिकागोच्या रेनर फ्युनरल होममध्ये त्याच्या आईने, मॅमी टिल यांनी, पेटी उघडायला लावली आणि ती अंत्यदर्शनासाठी उघडीच ठेवली. पोराचा तो चेहरा हजारोंनी पाहिला, छायाचित्रे 'जेट' मासिकात छापली गेली आणि एका देशाची झोप उडाली. १९६८ मध्ये मेम्फिसला किंग ज्या गाडीतून फिरत होते ती गाडी आणि तिचा चालक लुईस कुटुंबाच्या फ्युनरल होमने दिला होता. किंग यांची हत्या झाल्यावर त्यांचे शव तयार करण्याचे कामही त्याच कुटुंबाकडे आले.

हे सगळे शक्य झाले ते एकाच कारणाने. तो मालक आपल्या पोटासाठी गोऱ्यावर अवलंबून नव्हता. गोऱ्या बँकेने कर्ज नाकारले, गोऱ्या शेतमालकाने काम बंद केले, तरी त्याचे दुकान चालत असे. त्याच्या कामाला भाव होता, पावती होती आणि ते काम सोडून मुलाला डॉक्टर करण्याची मोकळीक होती. आपल्या महाराच्या कामाला यातले काय होते? तो जातवाल्यांचे मढे सांभाळीत होता, आपल्यांचे नव्हे. भाव ठरलेला नव्हता, मागायची सोय नव्हती, नाही म्हटले तर गावाचा बहिष्कार. दोन्हीकडे कुटुंबच काम करीत होते आणि दोन्हीकडे ते पिढ्यान्पिढ्या चालले. पण तिथे बापाने मुलाला धंदा दिला आणि इथे बापाने मुलाला वेठ दिली.

म्हणूनच बाबासाहेबांनी हे काम सुधारायला सांगितले नाही, सोडायला सांगितले. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे बंद करा असे बजावले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला ते अमरावतीत आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता आणि वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली इंद्रभुवन थिएटरात भरली होती. परिषद चालू असतानाच मुंबईहून त्यांचे थोरले बंधू बळाराम यांच्या निधनाची तार आली. आम्हाला या तारेचे महत्त्व फार वाटते. ज्या समाजाचा माणूस इतरांच्या मरणाचा सांगावा घेऊन कोसन् कोस अनवाणी धावत होता, त्या समाजाच्या नेत्याला भावाच्या मरणाची बातमी तारखात्याने दिली. पैसे भरा, बातमी पोचेल, जात कोण विचारतो? आधुनिकतेने गावगाडा खिळखिळा केला म्हणून जे गळा काढतात, त्यांनी या तारेवर थोडा विचार करावा.

पुढच्या वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला, वतनाच्या जमिनीवर सरळ मालकी आणि कामाची सक्ती बंद, हे त्याचे सार होते. विरोध इतका झाला की वर्षभराने ते मागे घ्यावे लागले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्याने हे विधेयक आपल्याला लागू झालेही नसते. पण इथल्या महारवाड्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. ज्यांनी सांगावा न्यायला नकार दिला, सरण वाहायला नकार दिला, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेने त्या नकारावर शिक्कामोर्तब केले. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध नाही, पिंडदान नाही आणि ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्मही नाही. आता आपल्या घरी मयत झाली की पांढरे वस्त्र असते, बौद्धाचार्य असतो, त्रिसरण-पंचशील असते आणि तिरडी वस्तीच उचलते. मढ्यावरचे कापड घ्यायला कोणी हात पसरून उभा नसतो.

मग ज्याचा मुद्दा "कोणीतरी करावंच लागतं" असा आहे त्याला आम्ही सेमाडोहला घेऊन जातो. हा कोरकूंचा मुलूख. कोरकू आपली माणसे बहुतेक पुरतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंद आहे की पुरण्याआधी खड्ड्यात दोन पैसे टाकतात. कशासाठी? जागा विकत घेण्यासाठी! कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून मातीत काटे मिसळतात, वर दगड रचतात. पुढे ऐपत झाली की, कधी काही वर्षांनी, सिडोलीचा विधी होतो. सागवानाची फळी कोरून तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस काढतात. हा मुंडा ठरलेल्या झाडाखाली उभा करतात, गावजेवण होते, ढोल वाजतात. ज्याच्याकडे हयातीत बैलजोडी नव्हती तोही मुंड्यावर घोडेस्वार असतो, हे आम्हाला फार आवडते.

या सगळ्यात एक गोष्ट शोधून सापडत नाही. प्रेताला हात लावला म्हणून कायमचा बाटलेला माणूस. खड्डा भाऊबंद खणतात, काटे गावकरी आणतात, मग नदीवर आंघोळ करून सगळे सारखेच घरी जातात. कोरकूंत उतरंड नाही असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या निहालांना ते कमी लेखत आले आहेत आणि ते चूकच आहे. पण मरणाच्या कामासाठी जन्माने ठरलेली जात त्यांना लागली नाही. गरिबी होती, जंगल होते, मरण तर मेळघाटात पावलोपावली होते. कुपोषणाने गेलेल्या कोरकू बाळांच्या बातम्या आम्ही कित्येक वर्षे वाचतो आहोत. तरीही काम झाले. मग सपाटीवरच्या गावाला ते जातीशिवाय का जमले नाही?

जमले नाही, कारण जमवायचे नव्हते, असे आमचे उत्तर आहे. आणि अजूनही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या माळेवाडीत मातंग समाजाच्या एका माणसाचे प्रेत स्मशानात नेण्यास अडवणूक झाली, तेव्हा नातलगांनी ग्रामपंचायतीसमोरच सरण रचले. स्मशानभूमीच्या शेडसाठी सरकार जनसुविधेतून पैसा देते. शेडपर्यंतचा रस्ता कोणाच्या शेतातून जातो, ते जात ठरवते. शहरांत चिता लावणारे नि राख उचलणारे हात कोणत्या वस्तीतून येतात, हे जाऊन पाहा. कोरोनात त्यांच्यावर फुले उधळणाऱ्यांना त्यांचा पगार किती आणि नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे विचारायचे सुचले नाही.

मेळघाटात प्रश्न वेगळा उभा आहे. १९७० च्या दशकात व्याघ्र प्रकल्प झाला आणि या शतकाच्या सुरुवातीपासून गाभा क्षेत्रातली गावे उठू लागली. कोहा, कुंड, बोरी, वैराट, चुर्णी अशी ती यादी वाढत गेली. घरे उठली, ढोरे उठली, माणसे अकोटच्या बाजूला सपाटीवर गेली. कबरी ट्रकमध्ये बसत नाहीत. ज्या जागेसाठी कोरकूने खड्ड्यात दोन पैसे टाकले होते, ती जागा आता वाघाची. सेमाडोह अजून जागेवर आहे.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. गावाच्या सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून काय काय धरावे, हे नियम १३ मध्ये दिले आहे आणि त्यात दफनभूमी व दहनभूमी यांचा उल्लेख आहे. म्हणजे कोरकूची कबर कायद्याच्या नजरेत जमिनीचा कागद आहे. वनखात्याचा शिक्का नसला तरी चालतो, पणजोबा कुठे पुरला ते दाखवता आले पाहिजे. मेळघाटात काम करणाऱ्या आमच्या मित्रांना आमचे सांगणे एवढेच की दाव्याच्या नकाशावर नदी, चराई आणि मोहाची झाडे काढाल, तेव्हा मुंडे आणि कबरीही काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. कोणता मुंडा कोणाचा, हे त्यांनाच ठाऊक आहे, आणि ती माणसे दर पावसाळ्यात कमी होत आहेत.