वेरूळची सावली आणि गंगारामांची रेषा

१८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकपृष्ठावर कलाकारांची नावे दोनच: रेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची, तांब्यावरचे कोरीवकाम थॉमस डॅनियल यांचे. वेल्स १७९५ मध्येच निवर्तले होते.

या दृश्यांचा प्राण सावलीत आहे. ॲक्वाटिंट तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी चिकटवून तो आम्लात बुडवतात; उजळ राखायच्या भागावर आधी रोगण चढवतात. आम्ल जितका वेळ पत्रा खाईल, तितका काळोख गडद. रोमँटिक निसर्गचित्रणाला हा काळोख हवाच होता. अस्पष्टता भय वाढवते आणि भयातून भव्यतेचा प्रत्यय येतो, असे एडमंड बर्कने १७५७ मध्ये प्रतिपादिले होते. औंढा नागनाथच्या भुयारी गाभाऱ्यात उतरणाऱ्या भाविकाला मात्र अंधार म्हणजे देवाची नेहमीची जागा; लंडनच्या ग्राहकाला तोच अंधार लुप्त जगाचा वाटे.

वेल्स यांच्या हाताखाली पुण्याचे गंगाराम तांबट काम करीत. (तांब्यावर उतरलेल्या या ग्रंथाच्या कथेत हे आडनाव यावे, हा योगायोगच.) इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्यांनी वेरूळ स्वतंत्रपणेही रेखाटले. त्यांचा भरवसा छायेपेक्षा रेषेवर अधिक; वास्तू समजून घ्यायची असेल, तर त्यांचीच चित्रे उपयोगी पडतात.

१८०३ च्या शीर्षकपृष्ठावर त्यांचे नाव नाही. त्यांची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत.