‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’ : स्वतःच्या गाण्यासाठीची झुंज

पुण्यात कोरेगाव पार्क परिसरात डिसेंबर २०१० मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. स्वतःची गाणी गाणाऱ्या भारतीय बँडसाठी तिकीट काढून येणारा मोठा श्रोतृवर्ग त्या निमित्ताने शहराने पाहिला. पाव शतकापूर्वी मात्र असा श्रोता घडवण्यापासूनच सुरुवात करावी लागत होती. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ची वाटचाल त्याची साक्ष देते.

हा बँड १९८४ मध्ये स्थापन झाला. गिटारवादक महेश तिनईकर हे संस्थापकांपैकी एक. गायक उदय बेनेगल आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुढे त्यांना येऊन मिळाले. आयातीवर कडक निर्बंध असलेला तो काळ. चांगली परदेशी गिटार हवी, तर परदेशातून येणाऱ्या आप्तेष्टांची वाट पाहायची किंवा भरमसाट जकात मोजायची, एवढेच मार्ग होते. महाविद्यालयीन महोत्सव आणि धोबी तलावाजवळचे खुले ‘रंगभवन’ ही रॉकची हक्काची व्यासपीठे. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सवही १९८६ मध्ये तेथेच सुरू झाला.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्याकडे वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गाणे मूळ ध्वनिमुद्रिकेच्या किती जवळ जाते, यावर टाळ्या ठरत. रॉकच्या श्रोत्यांची कसोटीही तीच! गाजलेली इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवणारा बँड उत्तम मानला जाई. स्वतःची रचना सुरू झाली, की फर्माइशी येत. अशा वातावरणात या मंडळींनी स्वरचित गाण्यांचा आग्रह धरला. सीबीएस कंपनीने १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला. स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा संपूर्ण अल्बम काढणाऱ्या देशातील पहिल्या काही रॉक बँडमध्ये त्यांची गणना होते. दुसरा अल्बम, ‘द सेकंड कमिंग’, १९९० मध्ये आला.

गाणी घरोघरी पोहोचवणारे माध्यम मात्र नव्हते. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आले आणि चित्र पालटले. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. नाव असे सर्वतोमुखी होत असतानाच, १९९३ मध्ये, बँडने ते बदलून ‘इंडस क्रीड’ केले. जुने नाव पाश्चात्त्य नकलेसारखे वाटे, तर नव्यात सिंधूचा निर्देश होता. व्यवहाराच्या दृष्टीने हे धाडसच म्हणावे लागेल. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला. पण बाजारपेठ एव्हाना हिंदी पॉपकडे झुकली होती. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा नवा प्रयोग केला.

भाषेचा हा पेच पुण्याच्या ‘अग्नी’ने आपल्या परीने सोडवला. रॉकचा बाज कायम ठेवून त्यांनी हिंदीत गायला सुरुवात केली आणि ‘उजले बाज’ हे त्यांचे गाणे ‘रोडीज’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे तरुणांच्या ओठी रुळले. ‘इंडस क्रीड’ने मात्र इंग्रजी सोडली नाही. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया २०१० मध्ये दोन नव्या साथीदारांसह पुन्हा एकत्र आले. त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही सर्वस्वी स्वरचित गाण्यांचा.