खाते मिळाले, खजिना मिळाला नाही

शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांतून शिक्षणाच्या ध्येयाविषयी भरपूर लिहिले जाते. शिक्षणाच्या जमाखर्चाविषयी मात्र क्वचितच कोणी लेखणी उचलतो. विषय रूक्ष आहे, आकडेमोडीचा आहे, हे खरे. तथापि शाळा उघडते ती ध्येयाने आणि चालते ती पैशाने, हे ज्याने एकदा तरी संस्थेचा ताळेबंद जुळविला आहे त्याला सांगावयास नको. सरकारने हात आखडता घेतला की शाळेचे आणि दवाखान्याचे काय होते, हे पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा इतिहास त्या बाबतीत पुरेसा बोलका आहे. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिक्षणावरील कपात ही बहुधा कपात म्हणून येत नाही. ती अधिकारदानाचा पोशाख घालून येते. खाते खाली सोपविले जाते आणि खजिना वर राहतो.

कंपनी सरकारने १८१३ च्या सनदी कायद्यान्वये शिक्षणासाठी दरसाल १ लाख रुपये बाजूला काढण्याचे मान्य केले. कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एक लाख! तेही १८२३ साली शिक्षण समिती नेमली जाईपर्यंत धड खर्ची पडले नाहीत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घालून दिली. लोकांनी शाळा काढाव्यात व सरकारने खर्चाचा काही भार उचलावा, हे तत्त्व त्या खलित्यातले. पण तीनच वर्षांत १८५७ चा उठाव झाला आणि तो मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच माथी बसला. तिजोरीची घडी बसविण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली अंदाजपत्रक मांडून प्राप्तिकर लागू केला. पुढे १८७० साली लॉर्ड मेयो यांनी शिक्षण, वैद्यकीय मदत, पोलीस, तुरुंग, रस्ते अशी खाती ठरीव रकमेसह प्रांतांकडे सोपविली. ही रक्कम त्या खात्यांच्या आधीच्या खर्चापेक्षा कमी होती. तूट प्रांतांनी स्थानिक कर बसवून भरून काढावी, अशी अपेक्षा होती. प्रांतांना स्वायत्तता मिळाल्याचे समाधान झाले, आणि वरिष्ठ सरकारचा बोजा हलका झाला.

मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई व त्यातील एक हिस्सा शाळांना मिळे. हा पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात रोखठोक विचारला. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. आयोगाने प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले. परंतु त्याचा कारभार नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्याकडे द्यावा, असे सुचविले. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देणे हा स्थानिक, नगरपालिका व प्रांतिक निधींवरील रास्त खर्च मानावा, अशीही शिफारस त्याने केली. या आयोगापुढे बद्रुद्दीन तय्यबजी यांची साक्ष झाली होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली होती. शिफारस उत्तम होती यात शंका नाही. मात्र ज्या स्थानिक निधींवर तिचा भार पडावयाचा, त्यांचीच झोळी सर्वांत फाटकी होती.

यानंतर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मागणी माफक होती: स्थानिक संस्थांना इच्छा असेल तेथे सक्ती करण्याची मुभा द्यावी व खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. वेळ अजून आली नाही, लोकांची मागणी नाही आणि पैसा नाही, असे सांगण्यात आले. परंतु त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९०६ पासून सक्तीचे व मोफत शिक्षण चालू होते, आणि १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तसाच निर्णय घेतला. ही संस्थाने ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा श्रीमंत होती असे नव्हे. तिजोरीत किती आहे यापेक्षा खर्चाच्या यादीत शाळा कितव्या क्रमांकावर आहे, हाच खरा प्रश्न असतो.

या कथेचा कळस १९१९ च्या सुधारणांत झाला. १९२१ पासून द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही राष्ट्रउभारणीची खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. अर्थखाते मात्र राखीव राहिले. शिवाय मेस्टन निवाड्यानुसार प्रांतांनी वरिष्ठ सरकारला दरसाल वर्गणी द्यावयाची होती. मुंबईचा वाटा ५६ लाखांचा होता. अशा अवस्थेत मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. विठ्ठलभाई पटेल यांनी नगरपालिकांपुरता १९१८ साली जो मार्ग दाखविला होता, तो आता जिल्ह्यांपर्यंत नेण्यात आला. शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. वाढीव खर्चाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक हिस्सा सरकार देईल, असे आश्वासन होते. बोर्डांनी योजना आखल्या, पण पैसा त्या प्रमाणात आला नाही. योजना कागदावर राहिल्या.

मार्च १९२७ मध्ये याच कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. त्यांनी दाखवून दिले की इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि अबकारीतून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल होतात. निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शाळेत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. याच गतीने गेल्यास सर्व मुलगे शाळेत यावयास ४० वर्षे व सर्व मुली यावयास ३०० वर्षे लागतील, हेही त्यांनी सांगितले. शिक्षण खाते हे देवघेवीच्या हिशेबाने चालविण्याचे खाते नव्हे, असे त्यांनी बजावले. १४ आण्यांचा तुटवडा सर्वांना सारखा बोचत नाही. मुलग्यासाठी तो ४० वर्षांचा असतो, मुलीसाठी ३०० वर्षांचा. काटकसरीच्या परिणामांवर याहून बोलका आकडा सापडणे कठीण.

काटकसरीची ही लाट केवळ परतंत्र देशातच आली असे मात्र नाही. खुद्द इंग्लंडात फिशर यांच्या १९१८ च्या कायद्याने कामावर जाणाऱ्या मुलांसाठी पूरक शाळांची योजना केली होती. १९२२ साली सर एरिक गेडीस यांच्या समितीची कुऱ्हाड सरकारी खर्चावर कोसळली आणि ती योजना जवळपास सगळीकडे गुंडाळली गेली. फरक इतकाच की इंग्लंडात प्राथमिक शिक्षण १८८० सालीच सक्तीचे झाले होते. तेथे वरचा मजला थांबला, येथे पायाच भरला गेला नाही.

कपात प्रत्यक्षात कशी उतरते, तेही पाहिले पाहिजे. चालू शाळेतील शिक्षकांचे पगार एकदम थांबविता येत नाहीत. म्हणून कात्री लागते ती अद्याप अस्तित्वात न आलेल्या गोष्टींना: नवी शाळा, नवा वर्ग, मुलींची स्वतंत्र शाळा, शिक्षकांचे प्रशिक्षण, इमारत, पुस्तके. जे आधीच आत आले आहेत त्यांना झळ थोडी बसते. जे दाराशी उभे आहेत त्यांच्या तोंडावर दार लागते. १९२९ साली हार्टोग समितीने गळती व कुंठितता यांवर बोट ठेवले आणि विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर द्यावा, असे सुचविले. निदान चुकीचे नव्हते, पण शाळा न वाढविण्यास ते उत्तम निमित्त ठरले. पाठोपाठ जागतिक मंदी आली. १९३१ साली हिंदुस्थान सरकारने नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली. प्रांतांचे हातही आखडले. अशा वेळी दानशूरांकडे पाहावे, तर मंदी व्यापाऱ्यालाही सोडत नाही. सरकारी अनुदान आणि देणगीदाराची वर्गणी ही दोन्ही एकाच पावसावर पिकणारी शेते आहेत; दुष्काळात ती एकदमच करपतात. सरकार मागे हटले तरी समाज भार उचलील, या विधानातली ही मोठी उणीव आहे.

१९३७ साली प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि नवा पेच उभा राहिला. दारूबंदी करावी तर अबकारीचे उत्पन्न जाते, आणि शाळा चालतात त्याच उत्पन्नावर. यावर गांधीजींनी हस्तोद्योगातून आपला खर्च भागविणाऱ्या शिक्षणाची कल्पना मांडली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास परिषद भरली व डॉ. झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. झाकिर हुसैन यांनी योजना आपुलकीने उभी केली; परंतु उत्पन्नाच्या बाजूवर फाजील भर दिल्यास शिक्षणाचा मूळ हेतूच बुडेल, असा इशाराही समितीच्या अहवालात आहे. मूल शाळेत शिकण्यासाठी येते, शाळेचा खर्च काढण्यासाठी नव्हे. इतका साधा विवेक त्या काळी सांगावा लागला, आणि पुढेही सांगावा लागला.

१९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के आणि स्त्रियांची ९ टक्क्यांच्या आत होती. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे सांगितले. तोच आकडा २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा लिहिला. दरम्यान महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, २००० साली नियमित शिक्षकाऐवजी मानधनावरील शिक्षणसेवक आला आणि २००१ साली शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द काढून टाकावयास २००९ साल उजाडले. या सर्व निर्णयांत शाळा काढण्याची मुभा होती. म्हणजे पुन्हा खाते मिळाले!

राज्यघटनेच्या ३० व्या कलमानुसार अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थांशी भेदभाव करता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. पण अनुदानाचे दार सर्वांनाच बंद झाले तर भेदभाव कोणाशीच झाला, असे म्हणता येत नाही. मात्र ज्यांचे पालक फी भरू शकतात त्या संस्था तरतात. मजुरांच्या, विणकरांच्या, मासेमारांच्या मुलांची शाळा बुडते. सारखी कपात म्हणजे सारखा परिणाम नव्हे, हा या दोनशे वर्षांचा धडा आहे.

म्हणून संस्थाचालकांनी व पालकांनी देणगीची पावती जितक्या आस्थेने जपावी, तितक्याच आस्थेने दरसालचे अंदाजपत्रक वाचावे. नवा अधिकार, नवी योजना, नवी मुभा जाहीर झाली की तिच्यासोबत किती रुपये आले, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा. फुल्यांनी १८८२ साली तो विचारला, आंबेडकरांनी १९२७ साली विचारला. अनुदान ही मेहेरबानी नसून रयतेनेच भरलेल्या पैशाची परतफेड आहे, हे त्या दोघांनी सांगून ठेवले आहे. ती मागण्यात संकोच कसला?