बोरू, शिळा आणि संगणक : लखनौच्या चौकातील अक्षरांचा इतिहास

लखनौच्या जुन्या वस्तीत गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा या दोन वेशींच्या दरम्यान पसरलेली बाजारपेठ 'चौक' या नावाने ओळखली जाते. चिकनचे भरतकाम, जरदोजी, अत्तरे आणि चांदीचा वर्ख ही तिची ख्याती. हाताच्या कसबावर जगणाऱ्या कारागिरांची ही पेठ. याच चौकात फिरंगी महल ही जुनी वास्तू आहे. औरंगजेबाने ती मुल्ला कुतबुद्दीन यांच्या मुलांना दिली आणि पुढे ती इस्लामी विद्येचे भारतातील एक प्रमुख केंद्र बनली. अशा विद्यानगरीत पुस्तकांना मागणी असणे स्वाभाविक होते, आणि छपाईपूर्व काळात ती मागणी पुरवणारा कारागीर म्हणजे कातिब. बोरूने सुंदर अक्षरात ग्रंथांच्या नकला करणे हा त्याचा व्यवसाय. नव्या तंत्राने या एका व्यवसायाचे दोन वेळा काय केले, हे पाहिले असता तंत्र आणि समाज यांच्या नात्यावर बराच प्रकाश पडतो.

फारसी आणि उर्दू ज्या वळणात लिहिल्या जातात त्याला नस्तालिक म्हणतात. या लिपीत अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरानुसार बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे, वरून खाली उतरत जातो. देवनागरीचे शिशाचे खिळे एका ओळीत जुळवता येतात; नस्तालिकचे जुळवणे महाकठीण. गाजीउद्दीन हैदर यांच्या शाही छापखान्यात 'हफ्त कुलजुम' हा फारसी शब्दकोश १८२२ मध्ये खिळ्यांवर छापला गेला होता. परंतु नस्तालिकची सवय जडलेल्या डोळ्यांना खिळ्यांचे अक्षर परके आणि रुक्ष वाटे.

या अडचणीवर उपाय मिळाला तो युरोपातून. आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शिळाछापाची युक्ती शोधली होती. तिचे तत्त्व अगदी साधे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे आणि दगड ओला करायचा. नंतर छपाईची शाई फिरवली की ती फक्त लिहिलेल्या जागी धरते. हिंदुस्थानात कातिब खास लेप दिलेल्या कागदावर नेहमीप्रमाणे सुलट लिही, आणि ते लिखाण दाबाने दगडावर उलटे उतरवले जाई. म्हणजे यंत्र आले तरी बोरू हातातच राहिला. पूर्वी कातिबाच्या कष्टातून एक नकल सिद्ध होई, आता त्याच कष्टातून शेकडो प्रती निघू लागल्या.

१८३०च्या दशकात शिळाछाप लखनौत रुजला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये अवधच्या बादशहाच्या ग्रंथालयांची सूची करण्यासाठी अलॉइस स्प्रेंगर या विद्वानाला लखनौला पाठवले. त्याच्या नोंदीनुसार एके काळी शहरात असे डझनभर छापखाने होते. १८४९ मध्ये मात्र या व्यवसायावर राजाज्ञेची कुऱ्हाड कोसळली. शाही वेधशाळेतील एका अधिकाऱ्याने लिहिलेला राजघराण्याचा इतिहास दरबाराला रुचला नाही. वेधशाळा बंद झाली आणि तो मजकूर छापला जाऊ नये म्हणून मुद्रणावरच बंदी आली, असे स्प्रेंगर सांगतो. छापखानदारांनी आपले दगड उचलले आणि गंगेपलीकडे, कंपनीच्या अमलाखालील कानपूर गाठले. बंदीने छपाई थांबली नाही. ती केवळ गाव सोडून गेली, आणि तिच्यासोबत रोजगारही गेला.

छपाईला लखनौत पुन्हा वैभव आले ते १८५७च्या उठावानंतर. उद्ध्वस्त झालेल्या शहरात १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर या २२ वर्षांच्या तरुणाने छापखाना काढला. लाहोरच्या 'कोह-इ-नूर' छापखान्यात त्याने उमेदवारी केली होती. पुढील ३७ वर्षांत या छापखान्याने उर्दू, फारसी, अरबी, हिंदी आणि संस्कृत ग्रंथांचे अफाट भांडार प्रसिद्ध केले. कुराण आणि हिंदू धर्मग्रंथ एकाच छताखाली छापले जात. गालिबचा फारसी काव्यसंग्रहही १८६३ मध्ये येथूनच निघाला. 'अवध अखबार' हे छापखान्याचे वृत्तपत्र. त्यातून रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आजाद' ही प्रदीर्घ कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. या साऱ्या उलाढालीच्या मुळाशी पाने लिहिणारे कातिब होते. नकलांच्या धंद्याला उतरती कळा लागली असतानाच त्यांना छापखान्याने नवे काम दिले.

समाजावरील परिणाम याहून खोल होता. फिरंगी महलच्या परंपरेत ग्रंथ गुरूसमोर बसून वाचायचा आणि तो शिकवण्याची अनुज्ञा गुरूकडून मिळवायची, असा शिरस्ता होता. आपल्याकडील वेदपाठशाळेतील गुरुमुखातून शिकण्याच्या रीतीशी तो जुळणारा आहे. छापील ग्रंथ स्वस्त झाल्यावर गुरूविना वाचणारा वाचक निर्माण झाला. जाणकारांना यात धोका दिसणे साहजिक होते, तरीही फिरंगी महलच्या विद्वानांनी छापखान्याकडे पाठ फिरवली नाही. मौलाना अब्दुल हय फिरंगीमहली (१८४८–१८८६) यांना जेमतेम ३८ वर्षांचे आयुष्य लाभले, पण त्यांनी शंभरांहून अधिक ग्रंथ रचले आणि ते शिळाछापाच्या द्वारे दूरवर पोहोचले.

महाराष्ट्राने याच काळात वेगळी वाट धरली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली, असे सांगतात. पुढे मराठी मुद्रण खिळ्यांकडे वळले. खिळ्यांना सुट्या अक्षरांची बाळबोध लिपी सोयीची; हात न उचलता लिहिली जाणारी मोडी गैरसोयीची. काही मोडी पुस्तके शिळेवर छापली गेली खरी, पण पुस्तकांचे आणि वृत्तपत्रांचे जग देवनागरीचे झाले. स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही मोडी बाद झाली. आज घरातील पणजोबांचे खरेदीखत वाचून घेण्यासाठी मोडीचा जाणकार शोधावा लागतो. यंत्राला सोयीची लिपी टिकली, आणि गैरसोयीची लिपी दोन-तीन पिढ्यांत अनोळखी झाली. लखनौत मात्र शिळाछापाने प्रवाही लिपीला आधार दिला आणि नस्तालिक लोकव्यवहारात राहिली.

उर्दू वृत्तपत्रांची पाने विसाव्या शतकातही कातिबच लिहीत. दगडाऐवजी पुढे ऑफसेट छपाईचा पत्रा आला, इतकाच फरक. खरा बदल १९८१ मध्ये झाला. कराचीचे सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने रेखाटली, आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने त्यांतून 'नूरी नस्तालिक' हा संगणकीय टंक सिद्ध झाला. १९९४ मध्ये दिल्लीतील एका संगणक कंपनीने 'इनपेज' ही प्रणाली बाजारात आणली आणि साध्या संगणकावर उर्दू पान जुळवणे शक्य झाले. लिपी वाचली, तिचे सौंदर्यही बऱ्याच अंशी वाचले. पण एका सुलेखनकाराचा हात यंत्रात शिरला आणि बाकीच्या हातांचे काम सुटले. शिळाछापाने कातिबाला सोबत घेतले होते, संगणकाने मागे ठेवले. मराठी छापखान्यांतील खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या वाट्याला साधारण त्याच सुमारास हेच आले.

त्यापाठोपाठ इंटरनेट आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. त्याच वर्षी राजेश जैन यांनी मुंबईतून 'इंडियावर्ल्ड' सुरू केले होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'सत्यम इन्फोवे'ने ते ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, तेव्हा या नव्या व्यवसायाची ताकद देशाच्या ध्यानी आली. परंतु सुरुवातीचा हा व्यवसाय मुख्यतः इंग्रजीतला होता. उर्दू दैनिके आपल्या मजकुराचे चित्र करून ते संकेतस्थळावर ठेवत. डोळ्यांना ते वाचता येई, पण त्यात एखादा शब्द शोधता येत नसे. मराठी वृत्तपत्रांचे संकेतस्थळ वाचायचे तर प्रत्येकाचा निराळा टंक आधी उतरवून घ्यावा लागे.

या कोंडीतून सुटण्याची वाट कानपूर आणि पुणे यांना जोडते. शिळाछापाचे दगड ज्या कानपुरात गेले होते, तेथीलच आयआयटीत १९८०च्या दशकात भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलभूत काम झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये विस्तारले. त्यातून आलेल्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीच्या आधारे युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. आज मराठी आई आपल्या परगावच्या मुलाला भ्रमणध्वनीवरून मराठीतच निरोप पाठवते, त्यामागे हा सारा खटाटोप आहे. २०१७ पासून आयफोनवरही उर्दू मजकूर नस्तालिकमध्ये दिसू लागला.

कातिबांची कला पूर्णपणे लोपलेली नाही. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद सुलेखन आणि संगणकीय आरेखन यांचे एकत्रित अभ्यासक्रम चालवते. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहिले जात राहिले. तरीही ज्या व्यवसायावर पूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे जगत, तो आता मोजक्या हातांत उरला आहे.

चौकातील या इतिहासात यंत्र दोनदा आले. पहिल्या वेळी जुने कसब जाणणारा माणूस छापखान्यात बसलेला होता. दुसऱ्या वेळी तो दाराबाहेर राहिला. आज शाळेच्या वर्गांत संगणक आहेत आणि मुलांचे लेखन कळफलकावर सरकू लागले आहे. फळ्यावरचे वळणदार अक्षर, शुद्धलेखनाची वही आणि मोडी वाचणारे हात यांपैकी काय सोबत न्यायचे, हे ठरवण्याची वेळ या पिढीवर आली आहे. ज्या कातिबांचा बोरू थांबला, त्यांना हे कोणी विचारले नव्हते.