वॉल्टर टलचा हुद्दा

ब्रिटिश लष्करी कायद्याच्या १९१४ सालच्या पुस्तिकेत एक कलम होतं. कृष्णवर्णीय किंवा ‘रंगीत’ माणसाला सैन्यात भरती होता येईल, फार तर मानाचा हुद्दाही मिळेल. पण प्रत्यक्ष हुकमत चालवण्याचा अधिकार त्याला नसेल. ही पुस्तिका रद्द झाली नव्हती, कलमही खोडलं गेलं नव्हतं, तरी ३० मे १९१७ रोजी वॉल्टर टल नावाचा २९ वर्षांचा तरुण त्याच सैन्यात सेकंड लेफ्टनंट झाला. त्याचे आजोबा बार्बाडोसमध्ये गुलाम होते. तो स्वतः पेशाने फुटबॉलपटू होता.

वडील डॅनियल टल सुतारकाम करत. १८७६ च्या सुमारास बार्बाडोस सोडून ते इंग्लंडला आले आणि केंट परगण्यातल्या फोकस्टन बंदरात स्थिरावले. तिथल्याच ॲलिस पामरशी त्यांचं लग्न झालं. २८ एप्रिल १८८८ ला वॉल्टर जन्मला. तो सात वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. वडिलांनी तिच्याच नात्यातल्या क्लाराशी लग्न केलं, आणि दोन वर्षांत तेही गेले. विधवा सावत्र आईच्या पदरी एवढी खाणारी तोंडं पडली, की एडवर्ड आणि वॉल्टर या दोन मुलांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात धाडणं भाग पडलं.

आश्रमाचा गायकवृंद वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरे. त्यात गाणारा एडवर्ड ग्लासगोच्या वॉर्नक कुटुंबाच्या मनात भरला. त्यांनी त्याला दत्तक घेतलं, दंतवैद्यकीचं शिक्षण दिलं. वॉल्टर आश्रमातच राहिला, छापखान्याचं काम शिकला आणि आश्रमाच्या संघातून खेळू लागला. भावांची ताटातूट झाली, पण पत्रव्यवहार तुटला नाही. वॉल्टरच्या आयुष्याबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंचसं एडवर्डच्या घराने जपून ठेवलं म्हणूनच कळतं.

१९०८ मध्ये तो क्लॅप्टन या हौशी संघात आला. त्याच हंगामात संघाने हौशी खेळाडूंचा एफए चषक आणि लंडनचे दोन चषक मिळवले. १९०९ च्या उन्हाळ्यात टॉटनम हॉटस्परने त्याला अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं आणि करारात बांधलं. सहीचे दहा पौंड, आठवड्याला चार पौंड. व्यावसायिक खेळाडूला यापेक्षा जास्त पगार द्यायला नियमाने बंदीच होती, तेव्हा छापखान्यातल्या पोराने एकदम वरची पायरी गाठली होती असं म्हणायला हरकत नाही. सप्टेंबरमध्ये तो पहिल्या श्रेणीत खेळू लागला आणि वर्तमानपत्रं त्याच्या शांत, डोकं वापरून केलेल्या खेळावर लिहू लागली.

ऑक्टोबरमध्ये ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने त्याच्या रंगावरून शिव्यांचा भडिमार केला. ‘फुटबॉल स्टार’च्या बातमीदाराने त्यांना सरळ भेकड म्हटलं. ही भाषा लंडनच्या मासळीबाजारातल्या भाषेपेक्षाही खालची होती, आणि मैदानात उतरलेल्या साऱ्या गोऱ्या खेळाडूंनी टलचा कित्ता गिरवावा, असंही त्याने लिहिलं. १९०९ सालच्या इंग्लंडमधल्या वर्तमानपत्राने हे लिहावं, याचं आज जास्त आश्चर्य वाटतं. मात्र त्या कौतुकाने संघातली जागा टिकली नाही. थोड्याच दिवसांत टल राखीव संघात गेला. टॉटनमसाठी लीगचे एकूण सामने दहा, गोल दोन.

१९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनने त्याला घेतलं. तिथे व्यवस्थापक होते हर्बर्ट चॅपमन, पुढे आर्सेनलमुळे दंतकथा झालेले तेच. पुढच्या फळीत खेळणाऱ्या टलला तिथे हाफ-बॅकची जागा मिळाली आणि तो फुलला. शंभराहून अधिक सामने तो या संघाकडून खेळला. युद्ध आलं नसतं, तर त्याची चांगली वर्षं बहुधा इथेच गेली असती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तरी लीगचे सामने चालूच राहिले. त्यावरून काहूर उठलं: धडधाकट पोरं चेंडूमागे धावताहेत आणि हजारो जण ते बघायला जमताहेत! या टीकेतूनच १५ डिसेंबरला फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी पलटण उभी राहिली. लोक तिला फुटबॉल बटालियन म्हणत. आठवडाभरातच टल दाखल झाला. नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंमधला तो पहिला. तो भराभर सार्जंट झाला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला पोचली. खंदकांमागे विश्रांतीला पाठवतात तेव्हा फार कंटाळा येतो, पोरांना त्यापेक्षा खंदकच बरा वाटतो, असं त्याने एडवर्डला लिहिलं. मे १९१६ मध्ये तोफांच्या माऱ्याने त्याचंच मन ढासळलं. इस्पितळाच्या कागदावर ‘तीव्र उन्माद’ अशी नोंद झाली. त्या काळी या दुखण्याला अनेक जण भित्रेपणाच म्हणत. टल मात्र बरा होऊन सप्टेंबरमध्ये सोमच्या लढाईत परतला. हिवाळ्यात खंदकातल्या तापाने त्याला पुन्हा मायदेशी आणलं. बरा झाल्यावर त्याला अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये गेल्सला पाठवण्यात आलं. उन्मादाची नोंद आणि ते कलम, दोन्ही असताना कुणीतरी वरिष्ठाने शिफारस केली, कुणीतरी सही केली. अधिकारी झपाट्याने मरत होते, ही त्यामागची रोकडी गरज. पण नुसत्या गरजेपोटी कुणीही चालला नसता. टलला जवळून पाहिलेल्यांनीच त्याला निवडलं होतं.

भारतीय वाचकाला हे साल ओळखीचं वाटेल. त्याच १९१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ भारतीय अधिकाऱ्यांना लढाऊ पलटणींत राजाचं कमिशन मिळालं. वर्षानुवर्षं नाकारलेलं दार युद्धाच्या रेट्याने किलकिलं झालं होतं.

टल २३ व्या मिडलसेक्सबरोबर बेल्जियममध्ये लढला आणि नोव्हेंबरात इटलीत गेला. १ जानेवारी १९१८ ला त्याने २६ जणांची तुकडी घेऊन बर्फगार, वेगवान पियावे नदी ओलांडली, शत्रूच्या हद्दीत छापा घातला आणि एकही माणूस न गमावता सगळ्यांना परत आणलं. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याचं आणि थंड डोक्याचं लेखी कौतुक केलं. हुकूम देणारा कृष्णवर्णीय आणि तो पाळणारे गोरे शिपाई, हे चित्र पुस्तिकेत बसत नव्हतं.

मार्चमध्ये पलटण फ्रान्सला परतली. २१ तारखेला जर्मनांनी मोठा हल्ला चढवला. २५ मार्चला बापोमजवळ फाव्रय गावापाशी माघार घेताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉसचा माजी गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम याने मशिनगनच्या माऱ्यात त्याला ओढत मागे आणायचा प्रयत्न केला, पण जर्मन अंगावर येत होते आणि त्याला हात सोडावे लागले. देह कधीच सापडला नाही. तिसावं वर्ष पुरं व्हायला जेमतेम महिना उरला होता. आरासच्या स्मारकावर बेपत्ता सैनिकांत त्याचं नाव कोरलेलं आहे.

यानंतर तो जवळपास विसरला गेला. १९९० च्या दशकात संशोधक फिल वासिली यांनी त्याचं आयुष्य कागदपत्रांतून पुन्हा जुळवलं आणि १९९९ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मैदानाबाहेर स्मारक झालं. मग त्याच्यामागे ‘पहिला’ हे बिरुद लागलं: पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. ते टिकत नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड मे १९१५ मध्येच तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाला होता. शुद्ध युरोपीय वंशाचे आहात काय, या छापील प्रश्नापुढे त्याने ‘होय’ लिहून टाकलं होतं. जमैकाच्याच डेव्हिड क्लेमेटसनने त्याच प्रश्नाला खरं उत्तर दिलं, ‘नाही’, आणि तरी त्याच वर्षी त्याला कमिशन मिळालं. हे दोघेही युद्धातच मेले. व्यावसायिक फुटबॉलमध्येही टलच्या कितीतरी आधी गोलरक्षक आर्थर व्हार्टन खेळून गेला होता. बेमंड आणि क्लेमेटसन ही खात्यापित्या घरची, शिकलेली मुलं. टल अनाथाश्रमातून आला आणि साध्या शिपायापासून चढत गेला. पहिलेपणापेक्षा हा फरक मला जास्त मोलाचा वाटतो.

पदकाचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला. एका सहकारी अधिकाऱ्याने एप्रिल १९१८ मध्ये एडवर्डला लिहिलेल्या पत्रात टलची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाल्याचं आणि ते त्याने नक्कीच कमावल्याचं म्हटलं होतं. ते त्याला मिळालं नाही. पदक दिलं असतं तर कलम मोडल्याची उघड कबुलीच झाली असती, असं वासिली मानतात. २०१८ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं होताना, १२० हून अधिक ब्रिटिश खासदारांनी त्याला मरणोत्तर मिलिटरी क्रॉस द्यावा अशी मागणी केली. इतक्या जुन्या युद्धातली पदकं आता नव्याने ठरवायची नाहीत, हे सरकारी धोरण कायम आहे.